अहाबच्या कारभाऱ्याबद्दल

शालोम आजी,

गुडघा कसा आहे आता? मी इथे हैफात मजेत आहे, काळजी करू नकोस. मागच्या आठवड्यात कर्मेल डोंगरावर मुहराका या जागी गेलो होतो, तिथल्या गच्चीवरून सगळं यिज्रेलचं खोरं दिसतं, तेव्हापासून डोक्यात ओबद्याच आहे. आपण मलिद्याच्या विधीत एलियाहू हन्नाबीचं, त्या देवाचा निरोप सांगणाऱ्या नबीचं नाव घेतो, पोहे खोबरं वेलची सगळं मनापासून करतो, पण ओबद्याचं नाव घरात कधी कोणी काढलेलं मला आठवत नाही, आणि ते काढायला पाहिजे असं मला फार वाटतं.

ओबद्या म्हणजे इस्राएलच्या अहाब राजाच्या वाड्याचा कारभारी. इतका भरवशाचा की दुष्काळात राजाने अर्धा मुलूख स्वतः धुंडाळला आणि अर्धा याच्यावर सोपवला, कशासाठी तर घोडे-खेचरं जगतील एवढं गवत शोधायला! अहाबकडे २००० रथ होते असं अश्शूरच्या राजाने इ.स.पू. ८५३ च्या लढाईबद्दल दगडावर कोरून ठेवलंय, म्हणजे घोडे मेले तर सैन्यच संपलं. आणि अहाबचीच राणी ईजबेल देवाच्या नबींना मारत सुटलेली असताना या माणसाने १०० नबी पन्नास-पन्नास करून गुहांमधे लपवले आणि त्यांना भाकरी-पाणी पुरवलं. पाण्याचा थेंब मिळत नव्हता तेव्हा १०० माणसांचं पाणी आजी, तेही कोणाला कळू न देता.

एलियाहू वाटेत भेटला आणि म्हणाला जा, राजाला सांग मी आलोय, तेव्हा ओबद्या घाबरला. मी सांगायला जाणार आणि तेवढ्यात तू गायब झालास तर राजा मला मारून टाकेल असं त्याने तोंडावर सांगितलं. मला तो इथेच सगळ्यात जास्त आवडतो, कारण घाबरूनही तो गेला आणि निरोप दिला. कर्मेलवरचं पुढचं सगळं, म्हणजे एलियाहूने बआल देवाच्या नबींना दिलेलं आव्हान, त्यानंतर घडलं, आणि ओबद्याचा उल्लेख मात्र तिथेच संपतो.

जुने लोक सांगतात की नबींना जेवू घालायला त्याने कर्ज काढलं होतं, आणि एलियाहूचा शिष्य अलीशा याने जिच्या घरातलं तेल वाढवलं ती कर्जात बुडालेली विधवा म्हणजे याचीच बायको. मला हे पटतं. एवढं धान्य पगारातून थोडंच आलं असेल.

काकांना सांग पवित्र शास्त्रातलं पहिलं राजे, अठरावा अध्याय तुला मोठ्याने वाचून दाखवायला, सुरुवातीपासून. आणि पुढच्या मलिद्याला त्याचंही नाव घे.

तुझा नातू