लहान चणीच्या हाताला कोणती कुऱ्हाड?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हातकुऱ्हाड घ्यायची म्हटली की किरकोळ अंगकाठीच्या माणसापुढे सर्वांत आखूड आणि सर्वांत हलकी कुऱ्हाड ठेवली जाते. विकणाराही तीच सुचवतो आणि हितचिंतकही. हा सल्ला चुकीचा आहे, शिवाय त्यात दुखापतीचा धोका आहे, म्हणून हे पत्र. तीनशे ग्रॅम पात्याची, २५ सेंटिमीटर दांड्याची कुऱ्हाड हातात घेतल्यावर सोपी वाटते खरी. पण पात्यात वजन नसल्याने ती लाकडात शिरत नाही, मग माणूस जोर लावू लागतो आणि मनगट दमते. दमलेल्या मनगटाचा घाव भरकटतो, आणि दांडा आखूड असला की भरकटलेले पाते जमिनीत न जाता गुडघ्याकडे किंवा नडगीकडे येते.

लहान चणीच्या माणसाची पहिली अडचण वजनाची नसतेच, ती मुठीची असते. बाजारातले बहुतेक दांडे मोठ्या पंजाच्या हिशेबाने केलेले असतात. दांडा मुठीत धरल्यावर बोटांची टोके तळहाताच्या अंगठ्याकडील उंचवट्याला जवळजवळ टेकली पाहिजेत. मध्ये बोटभर जागा उरत असेल तर दांडा जाड आहे. अशी मूठ टिकवायला हाताला सतत आवळून धरावे लागते, आणि थोड्याच वेळात कोपरापर्यंतचे स्नायू भरून येतात. लहान पंजाला साधारण ३० ते ३२ मिलिमीटर रुंद आणि २० ते २२ मिलिमीटर जाड अशी लंबगोल मूठ बरी पडते. ती लंबगोलच हवी, कारण गोल दांडा हातात फिरतो आणि धार कोणत्या दिशेला आहे हे न बघता कळत नाही.

म्हणूनच कमी पैशात घ्यायची असेल तर लाकडी दांड्याचीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. लाकूड तासून हाताच्या मापाचे करता येते; फायबर, नायलॉन किंवा रबर चढवलेल्या पोलादी दांड्याचे तसे करता येत नाही. मरफ्याने किंवा खरखरीत कानशीने दोन्ही बाजूंनी थोडे थोडे काढावे, दर वेळी मुठीत धरून बघावे आणि शेवटी ८० व १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा. पात्याखालचा चार-पाच सेंटिमीटर भाग मात्र तासू नये. घाव चुकला की दांडा तिथेच लाकडावर आपटतो आणि तिथेच मोडतो. दांड्याच्या तळाचा फुगीर भागही ठेवावा, त्याच्यामुळे घामेजल्या हातातून दांडा निसटत नाही. नव्या दांड्यावरचे चकचकीत वार्निश खरवडून काढलेले चांगले. हाताला फोड येतात ते बहुधा त्यामुळेच. नंतर जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: तेलात भिजलेले बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि असा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बोळे उघड्यावर मोकळे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात भिजवून टाकावेत.

आता वजन आणि लांबी. या दोन्ही एकत्रच पाहाव्या लागतात. पाते फिरवायला आणि फिरते पाते थांबवायला लागणारे श्रम वजनाच्या पटीत वाढतात, पण लांबीच्या बाबतीत वर्गाच्या पटीत वाढतात. ३५ सेंटिमीटर दांड्यावर ५०० ग्रॅमऐवजी ७०० ग्रॅमचे पाते घेतले तर हे श्रम १.४ पट होतात. तेच ५०० ग्रॅमचे पाते ठेवून दांडा ४५ सेंटिमीटरचा केला तर ते सुमारे १.६५ पट होतात. म्हणजे वजन न वाढवताही नुसत्या लांबीने कुऱ्हाड हाताला जड होते. याची दुसरी बाजू अशी की तेवढाच जास्त जोर घावालाही मिळतो. त्यामुळे लांब दांडा वाईट नाही, तो आवरता आला पाहिजे एवढेच. बारीक चणीच्या प्रौढ माणसासाठी ४५० ते ५५० ग्रॅमचे पाते आणि ३६ ते ४२ सेंटिमीटरचा दांडा हा मला योग्य मेळ वाटतो. एवढ्या लांबीत गरज पडली तर दुसरा हातही दांड्यावर बसतो, आणि बारीक कामाला पात्याजवळ धरता येते. खोक्यावर किंवा माहितीत छापलेले वजन बऱ्याचदा दांड्यासकट असते. ५०० ग्रॅम लिहिलेल्या कुऱ्हाडीचे पाते जेमतेम साडेतीनशे ग्रॅमचे निघू शकते. हे आधी विचारून घ्यावे.

घेण्यापूर्वी एक साधी पारख करावी. दांडा तळाशी धरून हात खांद्याच्या रेषेत समोर ताठ करावा, पाते आडवे ठेवावे आणि १५ सेकंद थांबावे. मनगट खाली झुकू लागले तर ती कुऱ्हाड जड आहे. त्याच स्थितीत नुसते मनगट वळवून पाते वर उचलता आणि सावकाश खाली आणता आले पाहिजे. लांबीसाठी पाते तळहातात धरून दांडा हाताच्या आतल्या बाजूने टेकवावा. त्याचे टोक कोपराच्या घडीच्या आसपास आले की माप ठीक. दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे चालते.

टोमाहॉक घ्यावी की साधी हातकुऱ्हाड, असा प्रश्न अनेकांना पडतो. टोमाहॉक ही उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची हलकी कुऱ्हाड; तिची लोखंडी पाती युरोपीय व्यापाऱ्यांकडून तिकडे गेली. तिचा दांडा सरळ आणि वरच्या टोकाला जाड असतो. कुदळीच्या दांड्यासारखा तो पात्याच्या नेढ्यातून, म्हणजे दांडा बसवायच्या भोकातून, वरून खाली घालतात आणि तो स्वतःच्या जाडीनेच अडकतो. पाचर लागत नाही. हातकुऱ्हाडीचा दांडा उलट खालून वर जातो आणि वर पाचर ठोकून पक्का करतात. लाकूड वाळून आकसले की टोमाहॉकचे पाते खाली हाताकडे घसरते, पण वरून सुटून उडत नाही. हातकुऱ्हाडीची पाचर सैल झाली तर पाते उडू शकते. शिवाय टोमाहॉकचा दांडा मोडला तर नवा कोणालाही बसवता येतो, आणि सरळ असल्याने तो हव्या त्या लांबीला कापता येतो. ज्याला आपल्या मापाचा दांडा करून घ्यायचा आहे त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. बाजारात मिळणारे दांडे बरेचदा ४५ ते ५५ सेंटिमीटरचे असतात. ते खालून ४० सेंटिमीटरपर्यंत कापायला कचरू नये. वरच्या जाड टोकाला मात्र हात लावायचा नाही.

तरीही रोजच्या कामाला, म्हणजे फांद्या छाटणे, सरपण बारीक करणे, खुंट्या ठोकणे यासाठी मी हातकुऱ्हाडच सुचवीन. तिची मागची बाजू जाड आणि सपाट असते, त्यामुळे लाकडी खुंटी ठोकता येते, आणि पाते पाचरीसारखे रुंदावत गेल्याने लाकूड फाकते. टोमाहॉकचे पाते पातळ. ते लाकडात छान शिरते आणि तिथेच रुतून बसते. रुतलेले पाते हिसडून काढणे हे कमी ताकदीच्या हाताला सर्वांत थकवणारे काम आहे.

एका प्रकारापासून दूरच राहावे. अखंड पोलादी पट्टीतून कापलेल्या, मागे टोकदार सुळा असलेल्या, काळ्या रंगाच्या ‘टॅक्टिकल’ टोमाहॉक स्वस्त मिळतात आणि लढाऊ दिसतात. हात मागे नेताना किंवा पाते उसळताना तो सुळा तोंडाकडे असतो. पातळ पोलादी दांड्यातून प्रत्येक घावाचा हादरा मनगटात उतरतो. यातल्या बऱ्याच स्टेनलेस पोलादाच्या असतात. कुऱ्हाडीला धक्का सोसणारे चिवट कार्बन पोलाद लागते, आणि स्वस्त स्टेनलेस धारेचे तुकडे पडतात.

पैसे कमी असतील तर ते पात्याच्या पोलादावर खर्च करावेत. रंग, कोरीव काम, भारी म्यान यांवर वाचवावे. पोलादाची पारख कानशीने होते. धारेच्या कडेवर बारीक कानस हलकेच ओढावी. ती काचेवरून घसरल्यासारखी गेली तर पात्याला पाणी जास्त दिले आहे, म्हणजे ते अति कठीण झाले आहे, धार फुटेल. सहज खोल रुतली तर पाते मऊ आहे, धार वळेल. थोडा विरोध करत ती चावली पाहिजे. चांगल्या कुऱ्हाडीच्या धारेची कठीणता रॉकवेल मापावर साधारण ५२ ते ५८ असते आणि कानशीची साठच्या वर, म्हणून ही पारख चालते. मग एक डोळा मिटून धारेच्या बाजूने दांड्याकडे पाहावे: धार आणि दांड्याची मध्यरेषा एकाच ओळीत हव्यात. दांड्याच्या तळाच्या कापावर दिसणाऱ्या वाढीच्या रेषा धारेकडून पात्याच्या मागच्या बाजूकडे जाव्यात, आडव्या नकोत. बाजूने पाहिल्यावर लाकडाचे तंतू टोकापासून टोकापर्यंत गेले पाहिजेत. मध्येच ते तिरके बाहेर पडत असतील तर दांडा तिथे मोडणार. हिकरी किंवा अॅश लाकडाचे दांडे चांगले, पण वाकड्या तंतूंचे हिकरी घेण्यापेक्षा सरळ तंतूंचे साधे चिवट लाकूड बरे. रंगवलेला दांडा शक्यतो टाळावा, रंगाखाली काय आहे ते दिसत नाही.

जुने पाते घेऊन नवा दांडा बसवणे हा सर्वांत किफायतशीर मार्ग आहे. वरवरच्या गंजाला घाबरू नये. पाते रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून घासले आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करून तेल लावले की ते निघते. नेढ्याच्या कडांना चीर असेल, मागची बाजू हातोड्यांनी ठोकून फुलली असेल किंवा धारेजवळ निळसर रंग दिसत असेल तर मात्र घेऊ नये. निळा रंग म्हणजे ग्राइंडरवर पाते तापून त्याचे पाणी उतरले आहे. नव्या दांड्याच्या डोक्यात नेढ्याच्या उंचीच्या दोन-तृतीयांश खोल खाच करावी. दांडा घालून कुऱ्हाड उभी हवेत धरावी, पाते खाली आणि दांड्याचे बूड वर, आणि बुडावर लाकडी हातोडी मारावी. पाते जड असल्याने जागेवर राहते आणि दांडा त्यात उतरत जातो. मग कोरड्या कठीण लाकडाची पाचर ठोकावी. सैल पाते पाण्यात भिजवून घट्ट करण्याची सवय सोडावी: फुगलेले तंतू नेढ्यात चेपले जातात आणि वाळल्यावर पाते आधीपेक्षा सैल होते.

स्वस्त कुऱ्हाडीची धार जवळजवळ नेहमीच जाड येते, कधी ४० अंशांपर्यंत. ताकदवान माणूस ती रेटतो. लहान चणीच्या माणसाला ती चालत नाही. म्हणून धार लावणे ही त्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पाते पक्के आवळावे, जाड हातमोजे घालावेत, धारेच्या बाजूंना काळ्या मार्करने रंग द्यावा आणि २० ते २५ सेंटिमीटरची कानस फक्त पुढे ढकलताना दाबावी, परत आणताना उचलावी. मार्करचा रंग कुठे जातो त्यावरून कोन कळतो. मऊ लाकडासाठी दोन्ही बाजू मिळून २५ ते ३० अंश, कठीण लाकडासाठी ३० ते ३५. पलीकडच्या बाजूला बोटाच्या पेराला खरखरीत कड जाणवली की बाजू बदलावी. शेवटी ४०० आणि मग १००० नंबरच्या दगडावर गोल फिरवून ती कड काढावी. ग्राइंडर वापरू नये.

वापरताना हाताच्या आणि कुऱ्हाडीच्या एकत्र लांबीएवढ्या अंतरात, चारी बाजूंना आणि डोक्यावर, कोणी आणि काही नसावे. आखूड कुऱ्हाडीने आडवी फांदी तोडताना गुडघ्यावर बसावे, म्हणजे चुकलेले पाते जमिनीत जाते. घाव सरळ आडवा घालू नये. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ४५ अंशांत घालावा, आणि खाच वरून फांदीच्या जाडीएवढी रुंद ठेवावी. अरुंद खाचेत पाते अडकते. सरपण फोडताना लाकूड हाताने धरून घाव घालण्याऐवजी धार लाकडावर टेकवावी आणि दोन्ही एकत्र उचलून ठोकळ्यावर आपटावीत. यात नेम धरावा लागत नाही आणि जोरही कमी लागतो. मागच्या बाजूवर पोलादी हातोडा मारू नये, कपची उडून डोळ्यात जाते. ठोकायचेच तर जाड लाकडी दांडक्याने ठोकावे.

मनगटाहून जाड, म्हणजे सात-आठ सेंटिमीटरच्या पुढची फांदी तोडायला कमी वजनाच्या माणसाने कुऱ्हाड वापरूच नये. २० ते २५ सेंटिमीटर पात्याची घडीची करवत ते काम कमी श्रमात करते. मोठी कुऱ्हाड घेण्यासाठी जादा पैसे बाजूला ठेवले असतील तर त्यांतून ही करवत घ्यावी आणि कुऱ्हाड वर सांगितलेल्या मापाचीच ठेवावी.

आपला,
एक वाचक