कुंद्याचा डबा आणि तीन महिने

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात बाबा फोनवर म्हणाले, "दुकानाचे नाव जरा बऱ्या अक्षरात लिहून दे एवढेच म्हटले होते, त्याला तीन महिने कशाला लागतात?" तेव्हा मी हसण्यावारी नेले, पण हाच प्रश्न एखाद्या गिऱ्हाइकाने विचारला असता, तर मी त्याला बसवून सगळे सविस्तर सांगितले असते. घरच्यांना मात्र उत्तर द्यायचे नाही, हे काही बरे नव्हे, म्हणून आपल्या मिठाईच्या दुकानाचा फलक, कुंद्याचा डबा आणि फोनवरची मागणी या तिन्ही कामांबद्दल हे पत्र.

फलकाचेच आधी घेते. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या फलकावर किमान ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तोही वरच्या भागात असावा लागतो. त्यामागच्या वादात मी इथे शिरत नाही. आपल्या घरी तो जेवताना पुरेसा होतो. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच होता की, वर कन्नड आणि खाली मराठी असूनही दोन्ही एकाच दुकानाची अक्षरे वाटली पाहिजेत. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात, कन्नड अक्षरे गोल आणि रुंद असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या डोक्यावर स्वतःचा छोटा तलेकट्टू, म्हणजे शेंड्यावरची आखूड रेघ, असतो. 'कुंदा' हा साधा शब्द घ्या. देवनागरीत उकार खाली लोंबतो आणि अनुस्वाराचा ठिपका वर बसतो. कन्नडमध्ये उकार अक्षराच्या उजव्या अंगाला वळतो आणि अनुस्वार हे शेजारी, ओळीतच बसणारे चांगले वाटोळे शून्य असते. मी पहिल्या खेपेला ते शून्य देवनागरीच्या सवयीने बारीक करून टाकले. मला ते फार सुबक वाटले होते. आपल्या बोळातल्या कन्नड शाळेच्या अक्कोरूंनी, म्हणजे बाईंनी, कागद पाहिला आणि विचारले, "इथे शाई उडाली आहे का?" महिन्याभराचे काम मी त्या दिवशी बाजूला ठेवले आणि दोन्ही लिप्यांची जाडी मापाने न जुळवता नजरेने जुळवत पुन्हा काढले. लिपी वाचता येते म्हणजे ती काढता येते असे नाही, आणि मला तर कन्नड नीट वाचताही कुठे येते? बेळगावात जन्म जाऊन ही अवस्था, ही लाज माझी मला आहे.

आता चित्राचे. डब्यावर गोकाकचा धबधबा हवा, असा बाबांचा आग्रह होता. घटप्रभेचा तो धबधबा ५२ मीटरांवरून कोसळतो, चित्रात तो देखणा दिसेल, हे मान्य. पण गोकाक म्हटले की लोकांना कर्दंट आठवतो. आपण आपल्या डब्यावर दुसऱ्याच्या मिठाईची जाहिरात कशाला करायची? किल्ल्यातल्या कमल बस्तीचे कमळ ही दुसरी सूचनाही मी मोडली, कारण १२०४ साली बांधलेल्या त्या जैन मंदिरातले कमळ तुपाच्या हातांनी चुरगळून कचऱ्यात जावे, हे मला पटले नाही. शेवटी दोन पहाटे मी भट्टीपाशी वही घेऊन बसले. दूध आटत जाते तसतसा कढईच्या कडेला रंग धरतो, आणि आईचा हात लोखंडी उलथने घेऊन तो रंग सतत खरवडून मध्ये आणत राहतो. कुंद्याचा तपकिरी रंग त्या आटण्यातून येतो, तो बाहेरून घातलेला नसतो. म्हणून डब्यावर फक्त कढईची कड आणि आईचा मनगटापर्यंतचा हात आहे. आई, बांगड्या मी दोनच काढल्या. तू म्हणालीस तशा सहा काढल्या असत्या तर हातापेक्षा त्याच दिसल्या असत्या. डब्याच्या मागच्या बाजूला हिरव्या चौकटीतला हिरवा गोल, १४ अंकी परवाना क्रमांक, वजन आणि तारखा आल्या आहेत. तिथे कलाकुसर चालत नाही आणि ती मी केलेलीही नाही.

फोनवरून मागणी घेण्याचा भाग, ज्याला आमच्यात इंटरॅक्टिव्ह काम म्हणतात, तो बाबांना सर्वांत उगाचचा वाटला. दिवाळीत मी कागदाच्या चिठ्ठ्यांवर फोनचे पडदे काढून तुम्हा दोघांना आणि दुकानातल्या पोराला "यावर बोट ठेवा" म्हणत होते, तो खेळ नव्हता. आईने एकदाही बटण दाबले नाही, तिने दरवेळी कुंद्याच्या चित्रावरच बोट ठेवले. म्हणून आता अख्खे चित्रच दाबता येते. बाबांनी चष्मा न लावता वाचायचा हट्ट धरला आणि फिकट तपकिरी अक्षरे त्यांना दिसलीच नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा, असा आमच्याकडे प्रमाण मानलेला नियम आहे. माझा तो लाडका फिकट रंग त्यात नापास झाला. पाव, अर्धा की एक किलो हे निवडले की पुढे फक्त पत्ता विचारला जातो, आणि भाषा मात्र सुरुवातीलाच निवडायची, मराठी, कन्नड किंवा इंग्रजी.

ही तीन कामे तीन जणांना वाटून दिली असती, तर स्वस्तात आणि लवकर झाली असती, हे खरे आहे. पण मग फलक एका दुकानाचा, डबा दुसऱ्याचा आणि फोन तिसऱ्याचा वाटला असता. फलकावरच्या कन्नड शून्याची गोलाई मी कढईच्या कडेला दिली आहे, आणि मागणी पोहोचली की फोनच्या पडद्यावर तीच कड हळूहळू तपकिरी होत जाते. हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येणार नाही, कदाचित बाबांच्याही येणार नाही. तरी ते तसेच राहू द्या.

राहिला रंग. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो आणि डब्यावरचा शाईचा, त्यामुळे एकच तपकिरी दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा दिसतो आणि पुण्यात बसून मला त्याचा निर्णय करता येत नाही. सोबत पुठ्ठ्यावर छापलेले तीन नमुने पाठवले आहेत, मागे अ, ब, क असे लिहिले आहे. ते ताज्या कुंद्याशेजारी ठेवून एकदा सकाळच्या उन्हात आणि एकदा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहावेत, आणि कोणता जवळचा वाटतो ते फोनवर सांगावे. फोटो काढून पाठवू नयेत. फोटोत तिन्ही सारखेच दिसतील.

बाबांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी. कळावे, लोभ असावा.

तुमची लेक