फोनमधल्या स्फटिकांकडेही पाहावे

माननीय संपादक महोदय,

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवा सुरू झाल्यापासून चर्चा होते ती लिलावांची, मनोऱ्यांची आणि रिचार्जच्या दरांची. मर्यादित रेडिओलहरी असंख्य ग्राहकांत कशा वाटल्या जातात, हे क्वचितच वाचायला मिळते. फोर-जीमध्ये हे वाटप दर मिलिसेकंदाला नव्याने होते. कोणाला किती गरज आहे आणि कोणाचा सिग्नल कसा आहे हे पाहून मनोऱ्यावरील यंत्रणा १८० किलोहर्ट्झ रुंदीचे तुकडे वाटते. चांगल्या सिग्नलवाल्यालाच सारे दिले, तर एकूण वेग वाढतो, पण टोकावरचा ग्राहक उपाशी राहतो. पंगतीतल्या वाढप्याचाच हा पेच.

मात्र शेजारच्या लहरीपट्ट्यातला गोंगाट अडवणारी गाळणी (फिल्टर) फोनमध्ये नसेल, तर हे सारे शहाणपण व्यर्थ आहे. ही गाळणी लिथियम टँटॅलेट किंवा ॲल्युमिनियम नायट्राइड यांसारख्या स्फटिकी पदार्थांची असते. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले; याच दाबविद्युत गुणधर्माच्या उलट क्रियेने स्फटिकात विद्युत संदेशाची ध्वनिलहर होते. ती रेडिओलहरीपेक्षा हजारो पटींनी संथ, म्हणून तिची लांबीही तितकीच कमी, आणि म्हणूनच गाळणी नखाहून लहान बनते. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये स्कँडियम मिसळून हा गुणधर्म कित्येक पटींनी वाढवला.

दूरसंचार आणि पदार्थविज्ञान या विभागांच्या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठांनी संयुक्त प्रकल्प द्यावेत आणि आपल्या विज्ञान पुरवणीनेही या विषयाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता, पुणे