फोनचं विचारलंस, आता राजकारणासकट ऐक

नाशिक
जानेवारी 2026

प्रिय अव्या,

परवा बोलताना तू बजावलंस, "आईसाठी कुठला मोबाइल घेऊ तेवढं सांग, आणि कृपा करून मध्ये राजकारण घुसडू नकोस." उत्तर एका ओळीचं आहे. इथूनच घे, मधल्या भावातला घे आणि याच महिन्यात घे. झालं. पण त्या ओळीतल्या एकेका शब्दामागे कुठला ना कुठला मंत्री उभा आहे, त्याला मी काय करू? हे तोंडी सांगायला गेलो असतो तर "हॅलो, आवाज तुटतोय" म्हणत तू ठेवला असतास. कॉलेजपासून तुझी ती खोड आहे. म्हणून पत्र.

चार्जरपासूनच धर. काकूंना आपण बिनधास्त सांगू शकतो की सी टाइपचा घरातला कुठलाही चार्जर लावा. हे सुख आपल्याला कुणी दिलं? तू मागे म्हणालास, "टेक्नॉलॉजी पुढे जाते तसं होतंच ते." लेका, तू राहतोस जर्मनीत, श्टुटगार्टला, तुला तरी हे माहीत हवं. 2009 मध्ये युरोपने कंपन्यांना गोडीगुलाबीने सांगून पाहिलं की आपसांत ठरवा आणि एकच पिन करा. बाकीचे हळूहळू मायक्रो यूएसबीवर आले. ॲपलने 2012 मध्ये स्वतःची लायटनिंग काढली आणि पुढची दहा वर्षं ती केबल आपल्याला सोन्याच्या भावाने विकली. शेवटी ऑक्टोबर 2022 मध्ये युरोपियन संसदेत मतदान झालं. बाजूने 602, विरोधात 13, तटस्थ 8. लगेच पुढच्या सप्टेंबरात आयफोन 15 सी टाइप घेऊन हजर! 28 डिसेंबर 2024 पासून तुमच्याकडे फोनला ती सक्ती लागू झाली, लॅपटॉपसाठी तारीख ठरली 28 एप्रिल 2026. टेक्नॉलॉजी आपोआप पुढे गेली नाही, हात वर करून मतं मोजली तेव्हा हलली.

आणि गंमत बघ. त्याच कायद्यात असंही आहे की गिऱ्हाइकाला चार्जर नको असेल तर त्याच्याविना फोन घ्यायची सोय द्या. तिकडे ब्राझीलने 2022 मध्ये उलटंच केलं. चार्जर डब्यात नसेल तर आयफोन विकायचाच नाही, म्हणाले. एकाच वर्षात एक सरकार चार्जर डब्याबाहेर काढतंय आणि दुसरं आत घालायला लावतंय, आणि तू म्हणतोस राजकारण नको.

आता 'इथूनच घे' का. तिकडे तुला 19 टक्के व्हॅट पडतो, इथे 18 टक्के जीएसटी, म्हणजे करात तिकडून आणून फायदा काही नाही. वर वॉरंटीची कटकट. इथलाही आधी 12 टक्के होता, एप्रिल 2020 मध्ये आपण सगळे घरात कोंडून बसलो होतो तेव्हा 18 झाला. शाळा मोबाइलवर, ऑफिस मोबाइलवर, आणि नेमका तेव्हाच कर वाढला. गेल्या सप्टेंबरात जीएसटीची एवढी मोठी फेररचना झाली, 32 इंचांवरचा टीव्ही 28 वरून 18 वर आला, एसी आला, मोबाइल मात्र जिथल्या तिथे. सोन्यावर 3 टक्के आहे, म्हणून ठेवतो. ज्या वस्तूवर रेशनपासून पेन्शनपर्यंतचे ओटीपी येतात तिच्यावर बांगडीच्या सहापट कर, हा हिशेब मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

'याच महिन्यात' का, तर रॅम. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा अशा उचलल्यात की तुमच्या-आमच्यासाठी उरेनात. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरात जाहीरच करून टाकलं की क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँड बंद. आठवतं ना, हॉस्टेलवर वर्गणी काढून आपण पीसीत रॅमची एक पट्टी बसवली होती आणि रात्रभर जागून गेम खेळलो होतो? आता त्या पट्टीचा भाव ऐकून एमजी रोडवरचा दुकानदारसुद्धा खजील होऊन सांगतो. तो म्हणाला, "साहेब, फोनचेही वाढणार, लवकर उरकून घ्या." दुकानदार हे वाक्य बारा महिने म्हणतात. या वेळी मात्र खरं बोलला.

आता तुझ्या नावडत्या विषयाकडे वळतो, कारण काकूंनी स्वतःच मला विचारलं, "ते संचार साथी म्हणजे काय रे? मोबाइलमधून सरकार ऐकणार का आपलं?" 28 नोव्हेंबरला दूरसंचार खात्याने कंपन्यांना आदेश काढला होता की 90 दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये ते ॲप आधीपासून घालून द्या, आणि ते निकामी करता येता कामा नये. बातमी फुटल्यावर विरोधक हेरगिरी म्हणाले. मंत्री शिंदे (ग्वाल्हेरचे, आपले नव्हेत) म्हणाले, नको असेल तर काढून टाका. आदेशातला मजकूर आणि मंत्र्यांचं बोलणं यांची भेट कुठे होत होती ते मला दिसलं नाही. 3 डिसेंबरला सक्ती मागे. कारण काय दिलं? लोक आपणहून एवढं डाउनलोड करताहेत की सक्तीची गरजच उरली नाही. एका दिवसात सहा लाख म्हणे! माघार घ्यावी तर अशी, ढोल वाजवत.

माझं विचारशील तर ॲप कामाचं आहे. फोन चोरीला गेला तर ब्लॉक करता येतो, आपल्या नावावर कुणी भलतीच सिमकार्डं घेतली आहेत का ते कळतं. काकूंच्या फोनमध्ये मी ते घालूनही देईन. पण ते त्यांना विचारून घालीन. तुला हा फरक किरकोळ वाटतो, मला वाटत नाही. यावर आपलं भांडण फेब्रुवारीत, तू आल्यावर, समोरासमोर.

तू म्हणशील हा एकाच पक्षावर घसरतो. तसं नाही. सरकार कुणाचंही असो, स्वस्त गॅजेट दिसलं की त्यांना मंचावर चढायचा मोह आवरत नाही. आकाश टॅब्लेट आठव. 5 ऑक्टोबर 2011, कपिल सिब्बल, 'जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट'. सात इंची स्क्रीन, पण बोटाने हलकं टेकवून काही व्हायचं नाही, नखाने दाबावं लागायचं. डोअरबेल वाजवल्यासारखं. पुढे ते काम आपल्या पवईच्या आयआयटीकडे आलं, नोव्हेंबर 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश 2 निघाला, तो बरा होता. तोवर बाजारात साधे चिनी टॅब त्याच भावात यायला लागले होते.

मग फेब्रुवारी 2016. फ्रीडम 251! दोनशे एक्कावन्न रुपयांत स्मार्टफोन! लग्नाच्या पाकिटात घालतात तेवढ्या पैशांत. मंचावर मुरली मनोहर जोशी. पहिल्याच दिवशी वेबसाइट कोसळली. पत्रकारांना नमुना म्हणून जे फोन दिले त्यांवर ॲडकॉम या दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरने झाकलेलं होतं. व्हाइटनरने, अव्या! आपण जर्नलच्या पहिल्या पानावर सीनियरचं नाव झाकायचो तसं. आणि तेव्हा आपल्यातले शहाणेसुरते लोक मला सांगत होते की जाहिरातींतून खर्च वसूल करतील. मी नावं घेत नाही, तू घेतलीस तर तुझं घ्यावं लागेल.

स्वदेशी ॲपांचंही तेच. 29 जून 2020 ला टिकटॉकसकट 59 चिनी ॲपांवर बंदी आली. गलवानच्या चकमकीला पंधरवडा झाला होता, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, मीही नाही. पण खानदेशातली, मराठवाड्यातली कितीतरी पोरंपोरी तिथे नाचून-बोलून नावारूपाला आली होती, त्यांचं बस्तान रातोरात उठलं. त्यांची दखल कुठल्याच बाजूच्या भाषणात आली नाही. नंतर ट्विटरसारखं कू आलं, पिवळा पक्षी. मंत्री भराभर त्यावर गेले, तूही गेलास, मलाही आमंत्रण धाडलंस. जुलै 2024 मध्ये त्याने मान टाकली. गेल्या सप्टेंबरात अरट्टै, झोहोचं व्हॉट्सॲपसारखं ॲप. धर्मेंद्र प्रधानांनी सांगितलं म्हणून आमच्या सोसायटीच्या चेअरमननी सगळ्यांना त्यावर ओढलं. झोहो ही कंपनी मला आवडते, तमिळनाडूत खेडेगावात ऑफिस काढून दाखवलंय त्यांनी. पण तेव्हा त्यात साध्या मेसेजलाही एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येऊ नये अशी सोय) नव्हतं, आणि देशभक्तीने ती उणीव भरून निघत नाही. आता आमचे चेअरमन पाणी न येण्याची सूचना परत व्हॉट्सॲपवरच टाकतात.

आता मुख्य दुखणं. काकूंच्या फोनच्या डब्यावर 'मेड इन इंडिया' असेलच. त्याखालचा बारीक पत्ता वाच. नोएडा असेल, श्रीपेरुंबुदूर असेल, होसूर, नाहीतर बेंगळुरूजवळचं कुठलं गाव. आपल्याकडचं गाव शोधून दाखव. ऑगस्ट 2015 मध्ये आयफोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉनचे टेरी गौ मुंबईत आले, फडणवीसांबरोबर करार झाला, पाच अब्ज डॉलर. माझ्या चुलतभावाने त्या बातमीच्या जोरावर चाकणजवळ गुंठेवारीत जागा बघायला सुरुवात केली होती. कारखाना काही आला नाही, आणि जानेवारी 2020 मध्ये तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाईंनी तो येत नसल्याचं सांगून टाकलं.

मग वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना. 1 लाख 54 हजार कोटी. तळेगावला येणार येणार म्हणता 13 सप्टेंबर 2022 ला करार झाला गुजरातशी. आठवतं काय रणकंदन झालं? ठाकरे गट म्हणाला, हातातोंडाशी आलेला घास यांनी जाऊ दिला. शिंदे सरकार म्हणालं, आम्ही येऊन दोन-अडीच महिने झालेत, आधीच्यांनीच वेळ घालवला. मावळात मोर्चा निघाला. आपण दोघं फोनवर इतके भांडलो की वहिनींनी तुझ्या हातातून फोन काढून घेतला. आणि शेवट काय? जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनच त्या भागीदारीतून बाहेर पडली. ना तळेगावला काही झालं, ना त्या जोडीचं तिकडे. न झालेल्या कारखान्यासाठी आपण मैत्री पणाला लावली होती.

पण एक फरक राहतोच, आणि तिथे मला राग येतो. गुजरातने ती जागा रिकामी ठेवली नाही. साणंदला मायक्रॉन आली, धोलेऱ्याला टाटांचा प्रकल्प आला. आपल्याला काय मिळालं? एप्रिल 2023 मध्ये बीकेसीत ॲपलचं दुकान, आणि त्याच्या आदल्या दिवशी टिम कुकने माधुरीबरोबर खाल्लेला वडापाव. तमिळनाडूला कारखाना, आपल्याला वडापावचा फोटो! आणि आपण तो फोटो आठवडाभर अभिमानाने फिरवला. नाशिकला सातपूर-अंबडमध्ये इलेक्ट्रिकल स्विचगिअरचं एवढं काम चालतं, हाताला कसब असलेली पोरं आहेत. ती आता होसूरला नोकरीसाठी अर्ज करताना बघतो. माझ्या मते यात कुठला मुख्यमंत्री होता हा प्रश्न दुय्यम आहे. तमिळनाडूत द्रमुक येवो, अण्णाद्रमुक येवो, आधीच्याने आणलेला कारखाना दुसरा हाकलत नाही.

आता सहा ऑगस्ट 2025 घे, तुझ्या 'राजकारण वेगळं, गॅजेट वेगळं' या सिद्धान्ताची पुण्यतिथी. त्या दिवशी टिम कुक व्हाइट हाउसमध्ये गेला आणि ट्रम्पच्या टेबलावर काचेची तबकडी ठेवली, खाली 24 कॅरट सोन्याची बैठक. मे महिन्यात याच ट्रम्पने दोह्यात उघड सांगितलं होतं की कुकने भारतात कारखाने काढलेले मला नको आहेत. आणि सहा ऑगस्टलाच भारतावर आणखी 25 टक्के लादून एकूण 50 टक्के शुल्काचा हुकूम निघाला. स्मार्टफोन त्यातून सुटले. म्हणजे तेव्हा सोलापूरच्या टॉवेलला अमेरिकेत जाताना 50 टक्के आणि श्रीपेरुंबुदूरचा आयफोन मोकळा. टॉवेलवाल्यांनीही एखादी तबकडी न्यायला हवी होती.

त्या ट्रम्पचाच सोनेरी फोन निघणार होता, 499 डॉलरचा, त्याची खबर तुझ्याकडे काही आहे का? जूनमध्ये जाहीर केला तेव्हा 'मेड इन यूएसए' होता, काही दिवसांत वेबसाइटवरून ते शब्दच गायब. सप्टेंबरचा मुहूर्तही टळला. अमेरिकेत व्हाइटनर मिळत नाही वाटतं.

असो. काकूंसाठी तीन गोष्टी बघ. स्पीकर मोठा हवा, कारण त्या कीर्तन ऐकत स्वयंपाक करतात. स्क्रीन उन्हात दिसायला हवी. आणि कंपनी किमान चार वर्षं अपडेट देणारी हवी. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सलवर जाऊ नकोस, त्यांना फक्त नातवाचा व्हिडिओ कॉल हवाय. मराठी कीबोर्ड मी बसवून देईन. बोलून टाइप करायला शिकवलं तर त्या दिवसभर मेसेज पाठवतील, तेव्हा तुझी तयारी ठेव.

पैसे तू मला पाठव, मी एमजी रोडवरून घेऊन येतो. बिल काकूंच्याच नावाने करतो आणि त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, छापून घेतो. हरवला-चोरला तर ब्लॉक करायला तोच लागतो.

वहिनींना नमस्कार, छोट्याला पापा.

तुझा,
नंदू

ता. क. उलट टपाली 'मी त्या 251 मध्ये नव्हतोच' असं लिहिलंस तर तुझी तेव्हाची ई-मेल काकूंना वाचून दाखवीन.