पथ्याच्या ताटात मोदकाला जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत दोन प्रकारचा मजकूर शेजारीशेजारी छापून येऊ लागतो. एका पानावर दिंडे, नारळीभात, पुरणपोळी आणि उकडीचे मोदक यांच्या पाककृती असतात, तर समोरच्या पानावर ‘वजन कमी करायचे असेल तर गोडाला हात लावू नका’ असा ठाम सल्ला असतो. ही दोन्ही पाने घरातली बहुधा एकच व्यक्ती वाचते आणि सणाचा स्वयंपाकही तिलाच करायचा असतो. गृहविज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे आणि स्वयंपाकघर तर अजूनही सुटलेले नाही. या दोन्हींच्या आधारे मला असे म्हणावेसे वाटते, की हा सल्ला आहारशास्त्राच्या गरजेपेक्षा अधिक कडक आहे आणि मराठी घरात तो पाळला जाण्याची शक्यता फार कमी आहे.

वजनाचा प्रश्न गंभीर आहे, याविषयी दुमत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या शरीराची ठेवण अशी, की पोटाभोवती चरबी लवकर साठते. म्हणूनच बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की भारतीयांना जास्त वजनाचे मानले जाते, पाश्चात्त्यांसाठी हीच मर्यादा २५ आहे. तेव्हा ‘थोडे सुटलेले पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण’ असे म्हणून हा विषय कोणी हसण्यावारी नेऊ नये.

तरीही ‘गोड बंद’ हा त्यावरचा उपाय नव्हे. आपले वर्ष डोळ्यांपुढे आणावे. संक्रांतीला तिळगूळ आणि गुळाची पोळी, होळीला पुरण, पाडव्याला श्रीखंड, अक्षय तृतीयेला आमरस, नागपंचमीला दिंडे, नारळी पौर्णिमेला नारळीभात, चतुर्थीला मोदक, गौरींना पुन्हा पुरण, कोजागरीला आटवलेले दूध आणि त्यानंतर दिवाळीचा फराळ. गोव्यात यात पातोळ्या आणि नेवऱ्यांची भर पडते. बारसे, मुंज, लग्न, वास्तुशांत आणि कार्यालयातले वाढदिवसाचे केक यांचा हिशेब निराळाच. या वाटेवर ‘आजपासून गोड बंद’ अशी शपथ घेऊन निघालेला माणूस कोठे ना कोठे अडखळतोच. नुकसान त्या एका मोदकाने होत नाही, ते त्यानंतरच्या ‘आता मोडलेच आहे, तर सोमवारपासून पुन्हा सुरू करू’ या विचाराने होते, कारण मध्ये गेलेल्या चार दिवसांत एकाचे सात मोदक होतात आणि डबाभर लाडू संपतो. अतिकडक बंधन घालून घेणाऱ्यांपेक्षा लवचीक बंधन पाळणाऱ्यांना वजन ताब्यात ठेवणे सोपे जाते, असे आहार आणि वर्तन यांच्या अनेक अभ्यासांतही दिसून आले आहे.

गोड खायचे, परंतु हिशेबात धरून खायचे, असे म्हटले की लोकांना ती पळवाट वाटते. हिशेब खरोखर मांडला तर ती पळवाट राहत नाही, हे चहावरूनच दिसेल. साखरेचा एक चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम आणि २० कॅलरी. दिवसाकाठी चार कप आणि कपाला दोन चमचे ही आपल्याकडे मुळीच अतिशयोक्ती नाही. त्यातून रोज ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी पोटात जातात आणि महिन्याला १ किलो २०० ग्रॅम साखर व ४८०० कॅलरी होतात. इतक्या कॅलरींत बारा-तेरा पुरणपोळ्या बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे, की वरून घातलेली साखर, गूळ आणि मध मिळून एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावीत आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत. वजन कमी करण्यासाठी १५०० कॅलरींचा आहार घेणाऱ्याला या हिशेबाने दिवसाला जास्तीत जास्त ३७ ग्रॅम मिळतात. ते सगळे चहातच संपून गेले, आणि या साखरेची चव तरी कोणाच्या लक्षात राहते? मग चतुर्थीच्या मोदकाकडे बोट दाखवण्यात काय अर्थ आहे? माझ्या मते वजन कमी करणाऱ्याने पहिला हात चहाच्या साखरेला घालावा, दुसरा त्या चहाबरोबरच्या बिस्किटांना, आणि सणाच्या गोडाला सर्वांत शेवटी.

आता प्रत्यक्ष पदार्थाकडे वळू. मध्यम आकाराच्या उकडीच्या मोदकाच्या पारीला सुमारे १५ ग्रॅम तांदळाची पिठी लागते, सारणात २० ग्रॅमच्या आसपास ओले खोबरे असते आणि १०-१२ ग्रॅम गूळ. सगळे मिळून दीडशे ते पावणेदोनशे कॅलरी होतात. मोदक फोडून त्यात सोडलेल्या चमचाभर साजूक तुपाच्या ४५ कॅलरी त्यावर वेगळ्या. म्हणजे तूप घातलेला एक मोदक दोनशेच्या घरात जातो, आणि पथ्याच्या दिवसातही दोनशे कॅलरींना जागा करता येते. तीन मोदकांना ती करता येत नाही, एवढाच फरक आहे. पारी पातळ वळता आली तर पिठीही थोडी वाचते, पण ते कसब आहे आणि सगळ्यांच्या बोटांत नसते. तळणीच्या मोदकात मात्र कणीक तेल पिते, म्हणून पथ्यावर असलेल्याने उकडीचाच निवडावा.

पुरणपोळीचे गणित याहून जड आहे. एका पोळीत साधारण ३० ग्रॅम हरभरा डाळ, तेवढाच गूळ, २५-३० ग्रॅम कणीक आणि लाटताना, भाजताना व वाढताना मिळून एक-दोन चमचे तूप जाते. बेरीज साडेतीनशे ते चारशेच्या दरम्यान येते. (तूप की दूध, हा वाद मी येथे काढत नाही, त्यावरून घरे दुभंगलेली मी पाहिली आहेत.) आपले नेहमी चुकते ते असे, की ही पोळी आपण जेवणाच्या वर खातो. आधी वरणभाताची मूद, मग भजी, मग बटाट्याची भाजी, साध्या पोळ्या आणि शेवटी ‘सणाची म्हणून’ पुरणपोळी. वास्तविक पुरणपोळी हे स्वतःच जेवण आहे; तिच्यात डाळ आहे, म्हणजे सहा-सात ग्रॅम प्रथिने आहेत, आणि कणीकही आहे. त्या दिवशी भात व साधी पोळी ताटातून काढावी, एक पुरणपोळी घ्यावी, तिच्याबरोबर कटाची आमटी, भरपूर कोशिंबीर आणि पालेभाजी घ्यावी, म्हणजे जेवण पाचशे-साडेपाचशे कॅलरींत भागते व पोटही भरते. गोडाला ताटात जागा देणे म्हणजे त्याच्यासाठी दुसरे काहीतरी उचलणे. आहारतज्ज्ञांच्या छापील तक्त्यांत ही गोष्ट क्वचितच लिहिलेली दिसते.

श्रीखंडाच्या बाबतीत दोष भलत्यालाच दिला जातो. चक्का आणि साखर समप्रमाणात घेण्याची जुनी रीत पाळली तर ५० ग्रॅम श्रीखंडात २५ ग्रॅम साखर येते, ही मोठीच गोष्ट आहे. साखर चक्क्याच्या निम्म्याने घेतली, तर चवीत फार उणे पडत नाही; उलट चक्क्याचा आंबटपणा आणि केशर-वेलदोडा अधिक लागतात, असे मला वाटते. पण खरा घोटाळा पुऱ्यांत आहे. एक पुरी ऐंशी ते शंभर कॅलरींची धरली, तर श्रीखंडाबरोबर सहजगत्या गेलेल्या पाच-सहा पुऱ्या वाटीतल्या श्रीखंडाला केव्हाच मागे टाकतात. आमरसाचेही तेच. वरून साखर न घातलेला वाटीभर रस नव्वद-शंभर कॅलरींचा असतो आणि बदनाम तोच होतो. दोन्ही पदार्थ पुरीऐवजी फुलक्याबरोबर खावेत, नाहीतर जेवणानंतर लहान वाटीत नुसते घ्यावेत. ही वाटी कोणती, तेही ठरवून घ्यावे, कारण आमटीची वाटी आणि नैवेद्याची वाटी यांत तिपटीचा फरक असू शकतो. घरात वजनकाटा असेल तर आपल्या वाटीत किती मावते, ते एकदा तोलून पाहावे. पुन्हा तोलण्याची गरज पडत नाही.

गोड केव्हा खावे, यालाही महत्त्व आहे. रिकाम्या पोटी दुपारी चार वाजता खाल्लेला पेढा आणि भाजी, डाळ, कोशिंबीर पोटात गेल्यानंतर खाल्लेला तोच पेढा रक्तातील साखर सारख्याच प्रमाणात वाढवत नाहीत. तंतू आणि प्रथिने आधी गेली की साखर सावकाश शोषली जाते आणि तासाभरात पुन्हा भूक लागत नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी मात्र कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा, हे येथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

बाजाराने यातून काढलेल्या वाटांविषयी थोडे लिहिणे भाग आहे. गुळाचे पदार्थ ‘आरोग्यदायी’ म्हणून विकले जातात, पण कॅलरींच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत नाव घेण्याजोगा फरक नाही. गुळात लोह असते हे खरे, तरी मोदकातल्या दहा-बारा ग्रॅम गुळातून मिळणाऱ्या लोहाने काही साधत नाही. खजुराच्या लाडवात वरून साखर घातलेली नसते, मात्र वाळलेल्या खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते; तो लाडू चांगला असेल, पण फुकटचा नाही. ‘शुगर फ्री’ मिठाईत साखर नसली तरी खवा आणि तूप पुरेपूर असते, आणि एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात, तर एक ग्रॅम साखरेत ४. शिवाय मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा बिनसाखरेच्या गोडव्याचा आधार घेऊ नये, अशी शिफारस केली आहे. तेव्हा अशा मिठाईचा डबा घरी आणून त्यातले चार तुकडे निर्धास्तपणे खाण्यापेक्षा, खऱ्या साखरेच्या बर्फीचा एक तुकडा बरा.

आपल्या पाहुणचारातला आग्रह हा या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे. पंगतीत जिलबीचे ताट घेऊन समोर उभ्या राहिलेल्या माणसाला ‘नको’ म्हणणे उद्धटपणाचे ठरते आणि ‘अर्धी द्या’ म्हटले तर दोन पडतात. वाढणाऱ्यांनी पहिल्या नकारावर थांबावे, एवढी सुधारणा झाली तरी पुष्कळ आहे. दिवाळीत एकमेकांना अर्धा-अर्धा किलोचे डबे देण्याऐवजी पाव किलोचे द्यावेत. घरी बेसनाचे लाडू वळताना ते लिंबाएवढे वळावेत; मोठा लाडू दोनशे कॅलरींचा होतो आणि अर्धा लाडू डब्यात परत ठेवणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. पुरण आणि मोदकाचे सारण फ्रीजरमध्ये चांगले टिकते, म्हणून एकदाच ढीगभर करून तीन दिवसांत संपवण्याची सक्ती आता राहिलेली नाही.

सरकारी पातळीवर काही हालचाल झाली आहे. सुट्या मिठाईजवळ ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केले, आणि दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थांच्या कॅलरी लिहिण्याचा नियमही आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. त्याच वर्षी कार्यालयांतून तेल आणि साखरेविषयीचे फलक लावण्याची सूचना आली, तेव्हा ‘जिलबी-समोशावर इशारा छापणार’ अशी आवई उठली आणि केंद्र सरकारला खुलासा करावा लागला. मला असे वाटते, की जिलबीवर इशारा नको, परंतु गल्लीतल्या मिठाईच्या दुकानात तारखेच्या पाटीवरच ‘एक नग, इतके ग्रॅम, इतक्या कॅलरी’ एवढी ओळ अवश्य यावी. मोठ्या साखळी उपाहारगृहांना जे जमते, ते रोज एकाच मापाची बर्फी कापणाऱ्या दुकानदाराला अशक्य नाही.

आणि जे दुकानदाराकडे मागायचे, ते आपल्याकडेही मागते. आपल्या पुरवणीत पाककृती छापताना साहित्य ‘दोन वाट्या पिठी, दीड वाटी गूळ, तूप आवश्यकतेनुसार’ असे दिले जाते आणि शेवटी ‘गरमागरम वाढा’ असे लिहिलेले असते. त्याऐवजी साहित्य ग्रॅममध्ये द्यावे, त्यात किती नग होतात हे सांगावे आणि एका नगाच्या ढोबळ कॅलरी छापाव्यात. येत्या गणेशोत्सवाच्या पुरवणीपासून ही सुरुवात करता आली, तर बेरीज तपासून देण्याचे काम मी विनामूल्य करीन.

आपली,
गृहविज्ञानाची एक निवृत्त प्राध्यापिका,
ठाणे