आई-बाबा, मी त्यांना हो कळवलंय

प्रिय आई-बाबा,

हे गोळ्यांच्या डब्यात ठेवतेय, दुपारी बाबा डबा उघडणारच. आधी गोळी घ्या, मग वाचा. समोर बसून बोलायला गेले की आईचे डोळे भरतात, बाबा पेपरात तोंड घालतात आणि माझं निम्मं पोटातच राहतं.

तर बेंगळुरूच्या त्या पोरांच्या मनाच्या आरोग्यावरच्या इंटर्नशिपला मी काल हो कळवलंय. सहा महिने. उद्यान एक्सप्रेसचं रविवारचं तिकीटपण काढलं. विचारून काढायला पाहिजे होतं, कळतंय मला, पण उत्तर द्यायची मुदत कालच संपत होती, आणि खरं सांगू का, तुम्ही नाही म्हणाला नसता, नुसते गप्प बसला असता, आणि तुमच्या गप्प बसण्यापुढं माझं काही चालत नाही. हे दादासारखं कायमचं जाणं नाहीये. संक्रांतीला आपल्या सोलापूरच्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीला मी इथं असणार.

बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, एमए समाजशास्त्रवालीला तिथं कशाला घेतील? औषधं द्यायला नाही घेतलं, घरोघर जाऊन आयाबापांशी बोलायला घेतलंय. कुणाच्या पोराच्या मनाच्या दुखण्याला वेळेवर मदत मिळते, कुणाच्या नाही, आणि का नाही, हे शोधायचंय. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही येतात म्हणून माझं नाव वर आलं. तेलुगू आपल्या गल्लीनं शिकवलं, कन्नड अक्कलकोटच्या आजीनं.

2015-16 मध्ये निम्हान्सनं, म्हणजे बेंगळुरूच्या मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी संस्थेनं, देशाचा मोठा सर्व्हे केला, 12 राज्यांत, त्यात आपला महाराष्ट्र नव्हताच. 13 ते 17 वयाच्या पोरांत 7.3 टक्क्यांना मानसिक त्रास सापडला, म्हणजे साठ पोरांच्या वर्गात चार तरी. आणि मनाचे बरेचसे आजार वयाच्या 14 वर्षांपर्यंत सुरू झालेले असतात म्हणे, म्हणजे आठवी-नववीतच. आपल्याकडं आठवीतली पोरगी बोलायची बंद झाली की आधी नजर काढतात, मग बाहेरचं बघतात, मग शाळा सोडवून विड्या वळायला बसवतात. कोपऱ्यावरच्या मावशींच्या पोरीचं आपण डोळ्यांनी बघितलं की. पैसेवाल्याची असती तर पुण्याला डॉक्टरकडं नेली असती. मला ते अजून सहन होत नाही.

आई, एक सांगते, वाईट वाटून घेऊ नको. तिथं 25 प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, त्यात एक प्रश्न असा आहे की मूल सारखं डोकं दुखतंय, पोट दुखतंय म्हणतं का. वाचता वाचता मी तिथंच थांबले. चौथीत, बाबांचा कारखाना बंद होता त्या वर्षी, दप्तर उचललं की माझं पोट दुखायचं. तू ओवा-मीठ चावायला द्यायचीस आणि तव्यावर पदर शेकून पोटावर धरायचीस. शाळेची घंटा ऐकू यायची तरी तू हात काढायची नाहीस. त्या हातानंच थांबायचं गं. तुझं काही चुकलं नव्हतं, तेव्हा कुणाला काय माहीत होतं? पण जिला दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्यात ती बाई असा हात किती वेळ धरणार? अशा बायकांशी मला बोलायचंय.

माझी काळजी करू नका. लेडीज हॉस्टेल आहे, खोलीत दोघी, गरम पाणी आहे, स्टायपेंडमध्ये खोली आणि मेस भागतंय, घरून एक रुपया लागणार नाही. मेसला भातच जास्त असतो म्हणतात, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जातेय.

आता ऐका. पाण्याच्या दिवशी आईनं हंडे उचलायचे नाहीत, शेजारच्या पोराला सांगितलंय, तो मोटर लावून दोन्ही बॅरल भरून देईल, चार-पाच दिवस तेच पुरवायचं. बाबा, अंगणात अनवाणी फिरायचं नाही, पायाला लागलेलं तुम्हाला कळत नाही. तीन महिन्यांची शुगर दिवाळीआधी करायची, रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, नॉर्मल आहे असं तोंडी चालणार नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल, दोघांनी शेजारी बसायचं, मला दोघं दिसायला पाहिजेत.

संध्याकाळी सहाला घरी येते. आल्यावर लगेच काही बोलू नका, आधी चहा पिऊ. आणि आई, सामानात ओव्याची एक पुडी बांध.

तुमची,
राणी