परिवहनमंत्र्यांना खुले पत्र: जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला असतो

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

या आठवड्यात १९८१ सालची एक बुलेट ३५० पुनर्नोंदणीच्या तपासणीत नापास झाली. तोंडी कारण मिळालं, "मागचा ब्रेक लागत नाही." कागदावर एकच शब्द: अनफिट. साहेब, तपासणाऱ्याने उजव्या पायाचं लिव्हर दाबून पाहिलं होतं. जुन्या चार गिअरच्या बुलेटला ते गिअरचं असतं. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली, आणि शेजारी न्यूट्रल फाइंडर, म्हणजे गाडी थेट न्यूट्रलला नेणारं छोटं लिव्हर. ब्रेकचं पेडल डाव्या पायाला. हे तिथल्या तिथे दाखवलं, तर उत्तर आलं, "आता पुढची अपॉइंटमेंट घ्या."

त्याच रांगेतली दुसरी बुलेट पाच मिनिटांत पास झाली. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, हॉर्न वाजवला, दिवा लावला, फोटो काढला, झालं. त्या गाडीचं हँडल मधोमध आलं की खाचेत बसल्यासारखं अडकत होतं. कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगच्या, गोळ्यांनी वाट्यांत खळगे पाडले की असंच होतं. अशी गाडी वेगात सरळ धरवत नाही, सतत डावी-उजवी सावरत न्यावी लागते. ती आता पाच वर्षं कायदेशीरपणे रस्त्यावर आहे. धड ब्रेक असलेली घरी उभी आहे.

आम्ही या गाड्या चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं आहोत. तपासणी कडक करा, आमची हरकत नाही. पण गाडीला हात लावा! गाडी डबल स्टँडवर घ्यायची, एकाने मागून दाबून पुढचं चाक अधांतरी करायचं. फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांची, खालची टोकं धरून पुढे-मागे हलवायची. कटकट लागली तर कोनसेट सैल. मग एका बोटाने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. मध्ये अडकलं तर वाट्या गेल्या, आवळून उपयोग नाही, बदलायलाच हव्यात. नंतर मागचं चाक अधांतरी करून रिम वरून धरायची आणि आडवी ढकलायची. फक्त चाक हललं तर बेअरिंग, अख्खा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) हलला तर त्याच्या सांध्यातला बुश. स्पोकवर पान्ह्याने टिचकी मारत जायचं, खणखणीत वाजेल तो ताठ, बद्द वाजेल तो सैल.

ब्रेक बघायचा तर पेडल पूर्ण दाबून ड्रमवरच्या लिव्हरकडे बघा. रॉड किंवा केबलशी त्याचा साधारण काटकोन व्हायला हवा. लिव्हर त्याच्या बरंच पुढे जात असेल तर लायनर, म्हणजे ब्रेकच्या शूजवरचं घासणारं अस्तर, संपलेत. नट आवळत राहिलं की शूज फाकवणारा कॅम आणखी फिरतो आणि एक दिवस शूज ड्रममध्ये अडकून चाक जाम होतं. या सगळ्याला दहा मिनिटं पुरतात, आणि मशीन एकही लागत नाही.

टायरचं तर विचारूच नका. दुचाकीला ०.८ मिलिमीटर नक्षी शिल्लक असली की नियम पूर्ण. जुनी गाडी वर्षाला जेमतेम हजार किलोमीटर फिरते, नक्षी झिजत नाही, रबर मात्र वाळून कडक होतं आणि बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडतात. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. ते वाचताना आजवर आम्हाला कुणी दिसलं नाही.

पीयूसीची गतही तीच. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम ही मर्यादा आहे. नीट ट्यून केलेलं इंजिन ती सहज पाळतं. पण गाडी दहा किलोमीटर चालवून तापवलेली हवी, धूर मोजणाऱ्या यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये खोलवर हवी आणि सायलेन्सरचा सांधा गळका नको. सांध्यातून बाहेरची हवा शिरली की आकडा खोटाच कमी येतो. म्हणजे गळकी गाडी पास आणि घट्ट गाडी काठावर. दर सहा महिन्यांनी आम्ही हा कागद काढतो, आणि त्यावर काय मोजलंय याचा भरवसा देणारं कुणी नाही.

पैसे मात्र काटेकोर मोजले जातात. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलीच्या नूतनीकरणाला २०२५ पासून २,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा, सक्तीच्या नव्या (एचएसआरपी) नंबरप्लेटचे ५३१, उशीर झाला तर महिन्याला ३००. विंटेज नोंदणी घ्या म्हणावं, तर तिला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, २०,००० रुपये लागतात आणि गाडी रोज वापरता येत नाही. १९८१ची गाडी २०३१ पर्यंत त्यात बसतच नाही. ती दूध आणायला जाते, शेतावर जाते, तिला प्रदर्शनात उभं राहायचं नाहीये. नंबरप्लेटसाठी मुदतीवर मुदत देऊन सगळी यंत्रणा कामाला लागली. कोनसेट हलवून बघायला याच यंत्रणेकडे माणूस नाही, वेळ नाही. इथे चूक एका निरीक्षकाची नाही. गाडी न बघता कागद पुढे सरकवणारी अख्खी साखळीच तुम्ही चालू ठेवली आहे, आणि एजंट त्याच साखळीवर जगतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५७ खाली आम्हाला ३० दिवसांत अपील करता येतं. पण 'अनफिट' या एका शब्दाविरुद्ध अपील कसं लिहायचं? नापास करताना कुठला भाग, काय दोष, कसा तपासला, हे तीन रकाने भरून सही-शिक्क्यानिशी द्या. नोंद चुकीची निघाली तर दुसऱ्या निरीक्षकाकडून सात दिवसांत विनाशुल्क फेरतपासणी करा आणि तोवर ३०० रुपयांचं मीटर थांबवा. उजवा गिअर, किकच्याच दांड्याने पडणारे गिअर, टू-स्ट्रोक इंजिन यांची निरीक्षकांना एक दिवसाची ओळख करून द्या. त्यासाठी बुलेट, येझदी आणि राजदूत आम्ही आमच्या खर्चाने आणून उभ्या करू.

अपिलाचे ३० दिवस मोजणं आमच्याकडे सुरू झालं आहे. लेखी कारण अजून हातात आलेलं नाही.

आपले,
जुन्या मोटरसायकली चालवणारे आणि दुरुस्त करणारे काही नागरिक